मालकाचा जबाब

बारामती
४ जुलै १९९७

आण्णा,

पाकिटावर साखरवहिनींचं नाव असलं तरी पत्र तुलाच आहे. मागची दोन पत्रं तू न फोडताच परत लावलीस. पोस्टमननं त्यांवर लाल शाईनं ‘मालक घेत नाहीत’ असं लिहून पाठवलं होतं. वहिनींच्या नावाचं पत्र तू परत करायचा नाहीस आणि वहिनींना वाचता येत नाही, म्हणजे वाचून दाखवायला घरात तुझ्याशिवाय आहे कोण? लबाडी आहे, कबूल. तू म्हणशीलच, साहेब लोकांत राहून भावानं एवढं तरी शिकून घेतलं.

खुशालीचं चऱ्हाट लावत नाही. कामाचं लिहितो.

जानेवारीपासून मी इथं बारामतीला शिकवायला आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतले अडतीस कृषी सहाय्यक माझ्या वर्गात येतात. पाऊस आता पहिल्यासारखा भरवशाचा राहिला नाही, तेव्हा गावात जाऊन शेतकऱ्याला काय सांगायचं ते यांना शिकवायचं. पेरणी लांबली तर काय पेरायचं, उगवलेलं वाळायला लागलं तर काय करायचं, जमिनीतली ओल कशी राखायची. सप्टेंबरात ज्वारीच्या पेरण्या सुरू व्हायच्या आत हे अडतीस जण आपापल्या गावांत पोचलेले असणार. एकेकाकडे सात-आठ गावं आहेत, आणि गावात गेल्यावर ते जे बोलतील ते मी बोलल्यासारखं आहे.

या कामासाठी एक पुस्तिका छापतात, हिरव्या कव्हराची. यंदाची छापायला जायच्या आधी माझ्याकडे वाचायला आली. पान अकरावर लिहिलंय, ‘पावसाच्या ताणामुळे ज्वारीचे पीक वाळू लागल्यास ते मोडून जनावरांना हिरवा चारा म्हणून द्यावे व रिकाम्या क्षेत्रात करडई अथवा हरभरा घ्यावा.’ तेच वाक्य, आण्णा. दोन वर्षांपूर्वीचं, शब्दाला शब्द. मी वर्गातनं उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिलो.

आता पत्र खाली टाकू नकोस, पुढं वाच. वहिनी ऐकतायत.

ते वाक्य मला पुस्तिकेतनं काढायचं आहे. इथले आमचे मुख्य मोहनराव, माणूस वाईट नाही, पण कागदाशिवाय हलत नाहीत. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर याच सल्ल्यानं इंदापूर तालुक्यात बिरदेव म्हस्कू यांच्या बावन्न मेंढरांपैकी एकेचाळीस मेंढरं एका दुपारी मेली. पुस्तकात होतं, तेव्हाच्या साहेबांनी सांगायला लावलं, मी सांगितलं आणि मेंढरं गेली. ते म्हणाले, असं असेल तर मालकाचा लेखी जबाब आण, मग मी वरती लिहितो. तुझा जबाब मी लिहून सोबत ठेवलाय. चार ओळी आहेत. वाचून खाली सही कर आणि परत लाव, तिकिटाचं पाकीट आत आहे.

माझ्याशी बोलू नकोस. मी बोल म्हणतच नाही. सही कर.

दादासो


बारामती
२६ जुलै १९९७

आण्णा,

जबाबाचा कागद आला नाही. चुलीत गेला असेल तर दुसरा सोबत आहे. तोही घाल. माझ्याकडे कागदाला तोटा नाही, तुझी चूल थकेपर्यंत पाठवत राहीन.

वर्गातली एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे माझीच फजिती.

परवा मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. ‘एका गावात एक शेतकरी होता’ अशी सुरुवात केली. तो त्या गावचा संपर्क शेतकरी होता, म्हणजे सहाय्यकानं कुठलीही नवी गोष्ट आधी त्याला सांगायची, त्यानं ती करून दाखवायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडं बघून करायची. त्यानं करून दाखवली, त्याची मेंढरं मेली. एवढं सांगून मी फळा पुसायला वळलो. मागनं लखन म्हणून एकजण आहे, बागायतदाराच्या घरचा, जिभेला हाड नाही, त्यानं विचारलं, “सर, त्या सहाय्यकाचं पुढं काय झालं?”

मी म्हणालो, “त्याला बढती मिळाली.”

सगळा वर्ग खो खो हसला. मीपण हसलो. मग तास सोडून दिला आणि खुर्चीत बसून राहिलो.

त्याच दिवशी मोहनरावांनी मला बोलावलं. त्यांनी इंदापूरहून जुना कागद मागवून घेतला होता. टेबलावर ठेवून म्हणाले, दादासो, हा बघ पंचनामा. ‘सदर मेंढ्या अज्ञात साथीच्या रोगाने दगावल्या.’ खाली दोन पंचांच्या सह्या आहेत, मालकाची सही आहे. आता एक कागद म्हणतो रोग आणि तू तोंडानं म्हणतोस ज्वारी. वरती मी काय दाखवू? तुझं तोंड?

मग त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडं धरला आणि म्हणाले, हे अक्षर ओळखीचं दिसतंय.

आण्णा, मागच्या पत्रात मी लिहिलं की साहेबांनी सांगायला लावलं. पंचनाम्याचं मी काही लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, तुला माहीत आहे तर उगाच कशाला कागदावर आणा. पण आता आणतो. तो पंचनामा मी लिहिला. साहेब जीपमध्ये बसताना फक्त ‘नीट लिहा’ एवढंच म्हणाले होते. नीट म्हणजे काय ते माझं मी ठरवलं. साथीचा रोग हे शब्द माझे आहेत. तुझी सही मी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद देऊन टाकला, आणि त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मला दोन वर्षं सगळे विचारतात की भाऊ मेंढरांपायी रुसला का. मी व्हय म्हणतो. ते काही खरं नाही, मला ठाऊक आहे.

मोहनराव म्हणाले, हे बाहेर आलं तर तुझी चौकशी लागेल. पुस्तिका तशीही बारीक अक्षरात असते, कोण वाचतो पान अकरा. मी म्हणालो, साहेब, माझ्या भावानं वाचलेलं नव्हतं, मी त्याला वाचून दाखवलं होतं. ही अडतीस माणसंपण वाचूनच दाखवणार आहेत.

सही पाठव, आण्णा. आता कागदाचं कागदाशी भांडण आहे, आणि त्यात तुझ्या कागदाशिवाय मी लंगडा आहे.

दादासो


बारामती
११ ऑगस्ट १९९७

आण्णा,

काल रविवारी मी वस्तीवर येऊन गेलो, हे वहिनींनी सांगितलं असेलच. इंदापूरच्या येष्टीनं फाट्यावर उतरलो आणि चालत आलो. तू गावातल्या सावळारामच्या वांग्यांना पाणी द्यायला गेला होतास. रविवारी दुपारी वांग्यांना कोण पाणी देतं ते मला शिकवू नकोस. वहिनी सरळ म्हणाल्या, “त्यास्नी ठावं हुतं तुमी येनार त्ये. म्हनून गेल्यात.”

त्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. बरोबरच केलं. राहिलेली अकरा मेंढरं त्यांच्यामागं बांधाला चरत होती. तू काठी हातात घेतली नाहीस त्या दिवसापासून, तेही त्यांच्याकडून कळलं. पिढ्यान् पिढ्या मेंढरामागं हिंडलेल्या घरातला माणूस दुसऱ्याच्या वांग्यात दारं धरतो आणि बायको मेंढरं वळते. मला खाली बघायला झालं. पत्रं वाचतो का, असं मी विचारलं. म्हणाल्या, वाचत्यात, दोन-दोनदा वाचत्यात, मंग ताटावर बसून नुसती भाकरी कुस्करत ऱ्हात्यात.

मग मी तसाच तुझ्या त्या तुकड्यापाशी जाऊन आलो. बांधावर बसलो. तिथं बसल्यावर मला लबाडी जमेना. तेव्हा आज सगळं लिहितो आणि यात आता काही मागं ठेवत नाही.

त्या दिवशी जीप बांधाला उभी होती. साहेब, सावळाराम, गावातली दहा-बारा माणसं. जोंधळा गुडघ्याएवढा, पाच आठवड्यांचा, पाऊस नाही म्हणून पानं पिळून सुरळी झालेली. मी पुस्तिका उघडून ते वाक्य वाचून दाखवलं. आणखी दोघांची मेंढरं मागं अडवून धरली होती, तुझी आत गेली की त्यांची सोडायची. तू माझ्याजवळ आलास. हळूच, साहेबांना ऐकू जाऊ नये असं विचारलंस, “दादासो, किराळ न्हाय ना लागायची?”

किराळ मला ठाऊक होती, आण्णा. मला कुणी पुस्तकातनं शिकवायची गरजच नव्हती. पावसानं ओढ दिली की कोवळ्या जोंधळ्यात विष धरतं, हे आईनं आपल्याला बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं. असलं रान वाटेत आलं की ती मेंढरांचं सगळं खांड कोसभर लांबनं वळवून न्यायची. मी दहा वर्षांचा असताना एक कोकरू तसल्या रानात घुसू दिलं, तर तिनं मला काठी तुटेस्तोवर मारलं होतं. कापून, खडखडीत वाळवून, कडबा झाल्यावरच घालायचं, तेही पोट भरलेल्या जनावराला. हे सगळं मला पाठ होतं.

आणि मी काय केलं? मी मोठ्यानं हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आण्णा, ते जुन्या लोकांचं झालं. हे सुधारित वाण आहे.” म्हणताना साहेबांकडं बघितलं. साहेबपण हसले.

का केलं, तर ऐक. खात्यात पाच वर्षं मी अंगाचा मेंढरांचा वास धूत होतो. कचेरीत कुणी विचारलं गाव कुठलं, तर गाव सांगायचो, वस्ती सांगायचो नाही. त्या दिवशी साहेबांच्या समोर मी किराळ हा शब्द तोंडात घेतला असता, तर मी परत मेंढक्याचा पोर झालो असतो. एवढीशी गोष्ट. तेवढ्यासाठी तुझी मेंढरं मी घालवली.

तू मान हलवलीस आणि मेंढरं सोडलीस. अर्ध्या तासात पहिली मेंढी तोंडाला फेस येऊन फिरकी खाऊन पडली. मग एकामागं एक. तू गुळाचं पाणी घेऊन पळत होतास, वहिनी मेंढरांची तोंडं उघडून धरत होत्या. मागच्या दोघांनी आपली मेंढरं हाणत लांब नेली. इंजेक्शन घेऊन डॉक्टर येईपर्यंत एकेचाळीस आडवी झाली. आणि मी उभा होतो, आण्णा. पुस्तिका हातातच होती. मी एका मेंढराचंही तोंड धरलं नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोहनरावांना नाही. आधी तुला लिहिलं. आता त्यांना लिहिणार आहे.

दादासो


बारामती
२३ ऑगस्ट १९९७

आण्णा,

तुझी सही आली नाही. ठीक आहे. मी माझी केली.

सोमवारी मी चार पानांचा जबाब लिहून मोहनरावांच्या टेबलावर ठेवला. वाक्य चुकीचं आहे, पंचनामा खोटा आहे, तो मी लिहिला, किराळीची गोष्ट मला माहीत होती आणि विचारल्यावर मी हसण्यावारी नेली, सगळं. मोहनरावांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, अजून फाडता येतं. मी म्हणालो, आवक नोंदवहीत नंबर पडलाय. ते कपाळावर हात मारून घेऊन हसले. शुक्रवारी मला नोटीस मिळाली, चौकशी लागली आहे. वाट्टेल ते होऊ दे. नोकरी गेली तर वस्तीवर येऊन वहिनींकडनं अकरा मेंढरं मागून घेईन, त्या देतील का ते माहीत नाही.

पण त्यानंही काम पुरं झालेलं नाही, म्हणून परत लिहितो. मोहनरावांचं म्हणणं असं की ज्याच्यावर चौकशी आहे त्या माणसाच्या एकट्याच्या जबाबाला वरती वजन नाही. पंचांना विचारलं, दोघांनीही हात झटकले. राहिला मालक. त्यांनी छापखान्याला निरोप धाडलाय की पुस्तिका तीन तारखेपर्यंत थांबवा. तीन सप्टेंबरला ती मशीनवर चढणार, पान अकरासकट. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दोन तारखेला, या अडतीस जणांचा माझ्याकडचा शेवटचा वर्ग आहे. तिथनं ते गावांत जाणार.

मी हातावर हात धरून बसलेलो नाही. पुस्तिकेत काहीही छापो, या अडतीस जणांच्या डोक्यात मी दुसरं भरतोय. गेल्या आठवड्यात त्यांना कन्हेरीला घेऊन गेलो. तिथं बानूबाई म्हणून एक म्हातारी आहे, सत्तरीची, अजून मेंढरामागं असते. सगळ्यांना सांगितलं, आज वही-पेन नाही, सल्ला द्यायचा नाही, दिवसभर हिच्यामागं हिंडायचं आणि फक्त विचारायचं. पहिला तासभर कुणाच्या तोंडातनं प्रश्न फुटेना. सवयच नाही. लखननं तिला विचारलं, आजी, ज्वारी वाळायला लागली तर काय करता. ती म्हणाली, “पानं पिळली का मी त्या अंगाला तोंडच करत न्हाय. तुमी लई शिकल्यालं, तुमी जावा.” सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी लखन मला एकटा गाठून म्हणाला, “सर, तो सहाय्यक तुम्हीच ना?” मी व्हय म्हणालो. तोंडातनं व्हयच आलं, होय आलं नाही.

मंगळवारी मी सगळ्यांसमोर नावानिशी सांगणार आहे. माझ्या नावानं सांगायला मला कुणाची परवानगी नको. तुझ्या नावाला तुझी लागते, म्हणून विचारतो. तू नको म्हणालास तर तुझं नाव घेणार नाही, पण गोष्ट सांगणार. तू आलास तर आलास. नाही आलास तरी मी पान अकराच्या नकला वाटून ते वाक्य प्रत्येकाकडून त्याच्या हातानं खोडून घेणार आहे, मग वरचे मला काय करायचं ते करोत. यंदा ऑगस्टातच पावसानं तोंड फिरवलंय. दिवाळीच्या आसपास कुठल्या ना कुठल्या बांधावर कुणीतरी मेंढरं अडवून उभा असणार आणि यांच्यातला कुणीतरी तिथं पुस्तिका घेऊन पोचणार. तो दिवस यायच्या आत मला हे करायचं आहे.

शेवटचं एक. मी तुझी माफी मागतो, आण्णा. इतक्या पत्रांत तो शब्द मी लिहिला नव्हता, कारण लिहिला की तू म्हणशील, सहीसाठी गोड बोलतोय. सही नको देऊ, हवं तर. माफी तरीही मागतो. मेंढरांची मागतो, त्या हसण्याची मागतो, आणि पंचनाम्याची सगळ्यात जास्त मागतो.

दादासो


वस्ती
२८ ऑगस्ट

दादासो,

समदी पत्रं वाचली. साखरीलाबी वाचून दावली. तिला वाचता येत न्हाय म्हनून पाकिटावर तिचं नाव घातलंस, ह्ये ती इसरनार न्हाय, तवा हितं आल्यावर तुजं तू बघ. मी चौथीपातूर शिकलोय. अक्षर वाकडं हाय पर माजं हाय.

तुज्या लिवन्यात येक चूक हाय ती आदी सांगतो. तू लिवतोस का मी इचारलं, तू हसलास, मंग मी मेंढरं सोडली. म्हंजी मला तुजं खरं वाटलं असं तू धरून चाललास. दादासो, मला काय तुज्यापरास किराळ कमी ठावी हुती व्हय? तुला आईनं येकदा मारलं, मला चारदा मारलं. जोंधळ्याकडं बगितलं तवाच मला समजलं हुतं, मेंढरं मरनार.

तरी सोडली. सायेब हुबा, गाव हुबं, आन तू पुस्तक घिऊन मदी. आपल्या घरातला पयला मानूस जीपमधनं उतारला हुता. मी न्हाय म्हनलो आसतो तर समद्यांच्या म्होरं तुजा शबुद पडला आसता. म्हनलं, चार-पाच जातील. घरच्याच्या मानासाटी चार-पाच मेंढरं गेली तर गेली. येकेचाळीस जातील आसं वाटलं न्हवतं. तू सायबाकडं बगून हसलास आन मी तुज्याकडं बगून मान हालवली. दोगं बी सारकंच. दोन वरीस काठी धरली न्हाय ती तुज्या रागानं न्हवं. जितराबानं माज्यावर भरवसा टाकला आन मी त्येस्नी ठावं आसून आत हाकललं. हात उचलत न्हाय मंग.

म्हनून पान अकरा खोडून तुजं काम सरत न्हाय. तुज्या त्या अडतीस जनास्नी सांग का शेतकरी मान हालवतो तवा त्येला पटलंय आसं समजू नगा. त्यो तुमचा मान राखत आसंल. पाव्हना म्हनून, सायेब म्हनून, न्हायतर भाऊ म्हनून. त्यो हळूच काय इचारतो त्ये ऐका, त्येच खरं आसतं. मोट्यानं व्हय म्हनतो त्ये सोडून द्या. ह्ये त्येस्नी आलं पायजे. न्हाय आलं तर वाक्य बदललं काय आन न्हाय काय, दुसऱ्या वाक्यानं मारतील.

माजं नाव घे. बापाचं बी घे.

राग गेला आसं लिवत न्हाय. मेंढरांचा राग माजा माज्यावर हाय, त्यो तुला देनार न्हाय. पर पंचनाम्याचा तुज्यावर हाय आन त्यो ऱ्हानार. कारन तू काय केलंस त्ये तू अजून बी लिवलं न्हाईस. चार पत्रं लिवलीस, समदं सांगतो म्हनलास, पर त्येवडं गिळलंस. मी सांगतो. मला वाचता येतं त्ये तुला ठावं हुतं. म्हनून तू कागुद घडी घातलास, निस्ती सहीची जागा वर ठिवलीस, आन वर तळहात दाबून धरलास. सख्ख्या भावानं. मेंढरं आजून गरम हुती. मी तुजा हात बगत सही केली.

त्यो जबाब तू धाडलास त्येवर मी सही करनार न्हाय. त्यात तुजंच शबुद हायती. माजा मी लिवलाय, दोन पानं. मंगळवारी पयल्या येष्टीनं बारामतीला येतो, साखर बी येती, मेंढरं सावळारामकडं ठिवून. मला भाषान करायला हुबं करू नगस. तुज्या अडतीस जनांच्या म्होरं माजी दोनी पानं तू वाचायची, मोट्यानं, हात मागं बांदून. मदी कुटं आवाज बसला तर थांब, पानी पी, पर गाळायचं न्हाय कायबी. समदं वाचून झालं का मी सही करीन.

बिरदेव म्हस्कू